ते रीडिंग खोडू नका!

आमच्या लॅबमधलं एक उघड गुपित सांगते. ग्राफवर नऊ बिंदू सरळ रेषेत आले आणि दहावा भलतीकडे गेला, की आम्ही काय करतो? रबर घेतो! सरांना ग्राफ सुंदर लागतो आणि आम्हाला सही.

आता मंगळावरची गोष्ट ऐका. सूर्याकडून विद्युतभारित कणांचा वारा सतत वाहत असतो. पृथ्वीसारखं ग्रहभर पसरलेलं चुंबकीय क्षेत्र मंगळाला नाही. त्यामुळे हा सौरवारा थेट त्याच्या आयनांबराला, म्हणजे हवेच्या वरच्या विद्युतभारित थराला भिडतो. (कॉन्व्हेंटवाली असल्यामुळे हा शब्द मी याच लेखासाठी शिकले!) त्या रेटारेटीतून मंगळाभोवती जणू उसनं चुंबकावरण तयार होतं. डिसेंबर २०२२ मध्ये 'मेव्हन' यानाला हा वारा जवळजवळ पडलेला दिसला. एका वेगवान झोताने पुढचा संथ वारा झाडून नेला होता आणि मागे पोकळी उरली होती. घनता शंभरपट कमी! दाब जाताच चुंबकावरण आणि आयनांबर हजारो किलोमीटर फुगले, तिपटीहून मोठे झाले.

हे रीडिंग आमच्या बॅचला आलं असतं तर? 'इन्स्ट्रुमेंट खराब' म्हणून खोडलं असतं आणि एवढा मोठा शोध रबराच्या चुऱ्यात गेला असता.

आपल्या मुंबईत मात्र तसं झालं नव्हतं. २ सप्टेंबर १८५९ ला मोठं सौरवादळ पृथ्वीवर धडकलं. कुलाबा वेधशाळेत तेव्हा चुंबकमापक डोळ्यांनी वाचून आकडे वहीत लिहीत. रीडिंग सुमारे १६०० नॅनोटेस्लांनी कोसळलं. कुणी खोडलं नाही. उलट दर काही मिनिटांनी नवं घेतलं. २००३ साली, म्हणजे १४४ वर्षांनी, शास्त्रज्ञांनी त्याच आकड्यांवरून वादळाची ताकद काढली. मार्च १९८९ मध्ये अशाच, पण लहान वादळाने कॅनडातल्या क्वेबेकची वीज नऊ तास घालवली होती. उद्या ग्रिड आपल्यालाच सांभाळायची आहे!

मान्य, आमचं दहावं रीडिंग बहुतेक वेळा ढिल्या वायरीमुळेच चुकतं. पण मग ते लिहा, पुन्हा घ्या, वायर शोधा. आणि सर, एक विनंती. वाकडा बिंदू दिसला तर मार्क कापू नका, कारण विचारा. रबर आम्ही आपणहून ठेवून देऊ.