पोळ्याची गर्दी आणि दहा तासांचं घड्याळ

आज आपण एक सिनेमा बघणार आहोत आणि तो संपला की थेट दुकानात कामाला जाणार आहोत. सिनेमाचा आणि दुकानाचा काय संबंध, असं म्हणाल. थांबा, सांगतो.

आधी दुकान बघून घेऊ. कंधारचा बाजार डोळ्यांसमोर आणा. श्रावणाची अमावास्या उद्यावर आलीय, म्हणजे उद्या पोळा आणि आज खांदेमळणी. मन्याड नदीला पाणी, किल्ल्याच्या खंदकात पाणी, दुकानापुढे चिखल आणि वरून झड लागलेली. तरी गर्दी हटत नाही, कारण पोळा काही पावसासाठी थांबत नाही! झुली, गोंडे, घुंगरमाळा, कासरे, म्होरक्या, बेगड... सगळ्यांना सगळं आत्ताच पाहिजे. "काय भाव लावलाव मामा?" "तो लाल गोंडा दाखवा की!" "ए पोरा, आटप लवकर, पाऊस वाढायलाय!"

हा जो 'ए पोरा' आहे ना, तो सकाळपासून उभाच आहे. कदाचित तो तुमचा दादा असेल. घरचंच दुकान असेल, तर शाळा सुटल्यावर तुम्हीसुद्धा तिथे असाल. आता त्याला दुकानात जाण्याआधी जो सिनेमा दाखवायचाय, तो बघू.

सिनेमाचं नाव 'मेट्रोपोलिस'. जर्मनीतला मूकपट. १० जानेवारी १९२७ ला तो बर्लिनमध्ये पहिल्यांदा दाखवला गेला. दिग्दर्शक फ्रिट्झ लँग आणि कथा त्यांच्या पत्नी थिआ फॉन हार्बू यांची. गंमत म्हणजे, लँग यांच्यापासून वेगळ्या झाल्यावर या थिआबाईंनी लग्न केलं ते बेळगावजवळच्या बेळगुंदीच्या आयी तेंडुलकरांशी! तेंडुलकर जर्मनीत शिकायला गेलेले पत्रकार. पुढे त्यांच्याही वाटा वेगळ्या झाल्या. थिआबाईंनी नाझी पक्षात नाव घातलं, हेही खरं. माणसाच्या बाजूनं गोष्ट लिहिणारा नेहमी माणसाच्या बाजूनं उभा राहतोच, असं नाही.

उद्याचं जग कसं छान असेल, हे सांगणारे सिनेमे पुष्कळ आहेत. हा उद्याच्या बिघडलेल्या जगाचा सिनेमा. वर उंचच उंच इमारती आणि श्रीमंतांच्या बागा, तर जमिनीखाली यंत्रं आणि कामगारांची वस्ती. सुरुवातीलाच पाळी बदलते. एक रांग कामावर निघालीय, दुसरी कामावरून परततेय. सगळ्यांचे कपडे सारखे, सगळ्यांच्या माना खाली. परतणारी रांग निम्म्या वेगानं चालते! एक अक्षर न बोलता दिग्दर्शकानं थकवा दाखवला. आणि तिथलं घड्याळ बघा. त्यावर बारा नाही, दहाच आकडे! कारण पाळी दहा तासांची. माणसाला तिथे नाव नाही, नंबर आहे. ११८११ नंबरच्या कामगाराच्या जागी शहराच्या मालकाचा मुलगा उभा राहतो, आणि दहा तास म्हणजे काय, हे त्याला तेव्हा कळतं.

पुढे तर आणखी भयंकर. संतापलेले कामगार मुख्य यंत्रच फोडतात आणि खालच्या वस्तीत पाणी भरू लागतं. पोरं खालीच अडकलेली! सुदैवानं ती वाचतात. पण रागाच्या भरात 'आपली पोरं कुठंयत?' हे कुणालाच आठवत नाही.

पाणी म्हणजे काय, हे आपल्या नांदेड जिल्ह्याला सांगायला नको. १८ ऑगस्ट २०२५ ला कंधारला लागून असलेल्या मुखेड तालुक्यात हसनाळ, रावणगाव या गावांत पुराचं पाणी शिरलं. माणसं गेली, जनावरं गेली. पोळा तेव्हा अगदी तोंडावर होता.

म्हणून आता परत दुकानात चला. रात्रीचे साडेआठ झालेत. पाऊस थांबलेला नाही, गिऱ्हाईक थांबलेलं नाही. तो 'ए पोरा' ओढ्यापलीकडच्या गावातून येतो. पुलावर पाणी आलं, तर हा घरी जाणार कसा? विचारलं कुणी? मालक गल्ला मोजतोय, गिऱ्हाइकाला गोंडा हवाय. दोघेही वाईट नाहीत. पण घाई झाली की समोरचा माणूस दिसेनासा होतो, फक्त सामान देणारे दोन हात दिसतात. 'मेट्रोपोलिस' ज्या जगाची भीती दाखवतो, त्याची सुरुवात इथेच होते बरं का!

सिनेमाच्या शेवटी मालक आणि कामगारांचा मुकादम हातात हात देतात आणि सगळं गोड होतं. हा शेवट पुढे खुद्द लँग यांनाच पटेनासा झाला. बरोबरच आहे. नुसत्या हात मिळवण्यानं कुणाचे तास कमी होत नाहीत, त्याला नियम लागतो. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकानं-आस्थापना कायद्यात दिवसाला नऊ तासांची मर्यादा होती, आणि पाच तास सलग काम झालं की अर्ध्या तासाची सुट्टी. सप्टेंबर २०२५ मध्ये राज्याच्या मंत्रिमंडळानं नऊचे दहा तास करायला मंजुरी दिली. दहा! सिनेमातलं घड्याळ आठवलं ना? केरळात कापडदुकानांतल्या बायका दिवसभर उभ्या राहायच्या, बसायची मुभाच नव्हती. त्या लढल्या, आणि २०१८ मध्ये तिथल्या कायद्यात बसण्याचा हक्क आला. तमिळनाडूनं २०२१ मध्ये तोच रस्ता धरला. आणि तुमच्यासाठीही नियम आहे : चौदा वर्षांखालच्या मुलांना कामावर ठेवता येत नाही. घरच्या दुकानात मदत करायची, तर ती शाळेची वेळ सोडूनच.

दोस्तांनो, खांदेमळणीला आपण बैलाचा खांदा हळद-तुपानं मळतो. वर्षभर जू वाहून तो दुखला असेल, म्हणून. पोळ्याच्या दिवशी त्याला औताला जुंपत नाही. बैलाचा खांदा ज्यांना दिसतो, त्यांना माणसाचे पाय दिसणार नाहीत?

तर यंदा एवढं करून बघा. दुकानात गेलात की 'ए पोरा' नको, 'दादा' म्हणा. नाव विचारा. दुकान घरचं असेल, तर काउंटरमागे एक स्टूल ठेवा आणि बाबांना सांगा, "पाऊस वाढलाय, दूरच्या दादाला आधी सोडू या. नाहीतर आज आपल्याकडेच जेवू द्या, झोपू द्या." गोंडे काय, तुम्हीही विकू शकता!

मग कळवा हं, स्टुलावर आधी कोण बसलं ते. भेटू पुढच्या आठवड्यात!