हा धुतात कसा?

अबुधाबीची शेख झायेद मशीद २००७ मध्ये खुली झाली. आत सुमारे ५,६०० चौरस मीटरचा एकच गालिचा आहे, इराणी विणकरांनी हाताने गाठी मारलेला. आई इथे आली तेव्हा तो बघून तिचा पहिला प्रश्न, "अरे, हा धुतात कसा?"

आपल्याकडे सतरंजी उचलून नदीवर नेतात. इथल्या ऑफिसांत गालिचा जमिनीला चिकटवलेला, खिडक्या बंद. फार भिजवला तर आठवडाभर कुबट वास. म्हणून थोडंसं द्रावण फवारायचं, गोल मशीनखाली पॅड फिरवायचा आणि मळ पॅडनेच टिपून घ्यायचा.

आता पॅड कोणता? लोकांना वाटतं, जितका खरखरीत तितका चांगला. साफ चूक! फरशीचा कडक पॅड गालिच्याचे धागे पिंजतो. आमच्या मजल्यावर सफाईच्या ठेकेदाराने नेमकं तेच केलं. लिफ्टसमोरचा पट्टा एका रात्रीत केसाळ झाला, आणि पगार कापला तो मशीन चालवणाऱ्या पोराचा. पॅड काय त्याने निवडला होता?

माझं मत विचाराल तर सुती किंवा मायक्रोफायबरचा मऊ पॅड घ्यावा. लोकरीला तर दुसरं काही लावूच नये. आधी व्हॅक्यूमने वाळू काढावी (इथे ती कुठून येते ते सांगायला नको), नाहीतर पॅड तीच वाळू धाग्यांवर घासत बसतो. आणि पॅड भरपूर द्यावेत. एक बाजू मळली की उलटवायचा, दुसरी मळली की बदलायचा. त्या पोराला अख्ख्या मजल्यासाठी दोनच मिळाले होते.