जवानांना ईदचा डबा पाठवायचा तर

रक्षाबंधन, दिवाळी आली की कोल्हापुरातून सीमेवर राख्या आणि फराळ जातो. ७ डिसेंबरच्या ध्वजदिन निधीला आपली पोरं शाळेतून पैसे देतातच. मग मोहल्ल्यातून ईदचा डबा का जाऊ नये?

काही जण विचारतात, एवढं करून तरी लोक आपल्याला मानतील का? हा सवालच मला पटत नाही. १९६५ च्या युद्धात हवालदार अब्दुल हमीद यांना मरणोत्तर परमवीर चक्र मिळालं. डबा पाठवून त्यापुढे काय सिद्ध करायचं? डबा जातो तो घरापासून लांब सण करणाऱ्या पोरासाठी.

खरी अडचण पत्त्याची आहे. जवानाच्या पत्त्यात गाव नसतं. नंबर, हुद्दा, नाव, युनिट आणि शेवटी ५६ किंवा ९९ एपीओ. ‘भारतीय सेना, सीमा’ एवढं लिहून पार्सल कुठं जाणार? म्हणून ज्यांची मुलं लष्करात आहेत त्या घरी आधी जावं, घर कुठल्याही समाजाचं असो. काय पाठवायचं ते त्याच्या आईला विचारावं. असं घर माहीत नसेल तर जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात चौकशी करावी.

शीरखुर्मा काही जाणार नाही. शेवया, खारीक, बदाम, चारोळी मात्र कोरडं बांधून जातं. आणि हो, डब्याचा फोटो स्टेटसला ठेवताना त्यावरचा पत्ता दिसता कामा नये, हे पोरांना बजावून सांगा.