आधी कुलवृत्तांत, मग विकिडेटा



"लिंक्ड डेटा शिकायचाय, घरच्या लॅपटॉपवर डेटाबेस कसा टाकू?" असं कुणी विचारलं की आपण आयटीवाले लगेच सुरू होतो. डॉकर घे, व्हर्चुओसो टाक, विकिडेटाचा अख्खा डंप उतरव! विकिडेटात १० कोटींहून जास्त नोंदी आहेत. बिचाऱ्याची डिस्क भरते आणि रविवार संध्याकाळपर्यंत उत्साहही संपतो. माझं मत विचाराल तर नवख्याने सुरुवात स्वतःच्या २० ओळींपासून करावी.

त्यासाठी आपल्याकडे आयता माल आहे: कुलवृत्तांत. आरडीएफ म्हणजे शेवटी तीन तुकड्यांची वाक्यं. 'आजी – जन्मगाव – वाई'. 'वाई – नदी – कृष्णा'. अशी वाक्यं टर्टल फाईलमध्ये हाताने लिहायला लावा. मग अपाची जेना फ्युसेकी उतरवा. त्याला मशीनवर जावा लागतं, बाकी फारसं काही नाही. सर्व्हर सुरू केला की ब्राउझरमध्ये लोकलहोस्टच्या ३०३० पोर्टवर त्याचं पान उघडतं. फाईल चढवायची आणि स्पार्कलमध्ये विचारायचं: कृष्णाकाठी जन्मलेलं आपल्या घरात कोण? उत्तरात आजी येते. हे फाईलमध्ये कुठेही थेट लिहिलेलं नसतं, दोन वाक्यं जोडून ते निघतं. एवढं एकदा डोळ्यांनी पाहिलं की पुढचं शिकायला आग्रह करावा लागत नाही.

मदत लागते ती पुढच्या बारीक खड्ड्यांत. टर्टलमध्ये वाक्याच्या शेवटचा पूर्णविराम राहिला की फाईल अडते. डेटासेट 'इन-मेमरी' केला तर सर्व्हर बंद करताच सगळं गेलं, म्हणून 'पर्सिस्टंट' निवडायचा. आणि आपला खास खड्डा म्हणजे भाषेचा टॅग. मराठीचा टॅग लावलेलं 'वाई' आणि बिनटॅगचं 'वाई' स्पार्कलच्या लेखी वेगळे, त्यामुळे उत्तर रिकामं येतं आणि माणूस समजतो की आपल्याला हे जमणार नाही.

कुणी म्हणेल, एवढ्याशा माहितीला एक्सेल पुरे. मोठा भाऊ दुबईत, बहीण न्यू जर्सीत, काका पुण्यात, प्रत्येकाची फाईल निराळी. त्या जोडायला बसा म्हणजे एक्सेल कुठे थकतं ते कळेल. शिवाय कुलवृत्तांतात हयात माणसांच्या जन्मतारखा असतात. त्या वेबवर न टाकता आपल्याच मशीनवर राहाव्यात, म्हणूनही हा डेटाबेस लोकल हवा. विकिडेटाशी नंतर जोडता येतंच. २०१३ च्या स्पार्कल १.१ मध्ये त्याची सोय आहे.

तेव्हा पुढच्या वेळी कुणी विचारलं तर नुसती मॅन्युअलची लिंक फेकू नका. अर्धा तास फोनवर बसा आणि कीबोर्ड त्याच्याच हातात राहू द्या. घरातली नाती तोंडपाठ असलेली पिढी आता थकत चालली आहे. त्यांना विचारून लिहून घेणारा माणूस पूर्णविरामापायी पळून जाणं आपल्याला परवडणारं नाही.

चूभूद्याघ्या.