एकशेचाळीस नंबरचा काढा

गळीत हंगाम तोंडावर आला की कोल्हापूरकडचे ट्रकमालक एकाएकी इंजिनाचे वैद्य होतात. खालून ठोका ऐकू येतोय? चेंबर उतरवायचा नाही. इंजिन ऑइलमध्ये दोन लिटर १४० नंबरचं गिअर ऑइल ओतायचं. दाट तेलानं आवाज दबतो आणि आवाज दबला की इंजिन बरं झालं! ९० नंबर ओतणारा तर त्याहून हुशार. गिअर ऑइलच्या नंबरांचं माप वेगळं असतं, ९० नंबर हे इंजिनाच्या ४०-५० नंबरच्या तेलाइतकंच दाट, हे त्याच्या गावीही नसतं. मग ऐन हंगामात, उसानं शिगोशीग भरलेली गाडी चढाला लागलेली असताना, कनेक्टिंग रॉड ब्लॉक फोडून बाहेर डोकावतो. शिव्या ड्रायव्हरला.

माझा धंदा क्रँक ग्राइंडिंगचा. माझ्या मशिनवर क्रँक चढतो तोवर सगळ्यांचा शहाणपणा वापरून झालेला असतो, म्हणून हे लिहितोय.

बिग एंडचा, म्हणजे कनेक्टिंग रॉडच्या क्रँककडच्या टोकाचा ठोका जड असतो. इंजिन तापलं की वाढतो, अ‍ॅक्सिलरेटर दाबून सोडला की उघडा पडतो. टॅपेटची टिकटिक वेगळी. टाटा ६९७ सारख्या जुन्या, साध्या पंपाच्या इंजिनात आयडलवर एकेका इंजेक्टरच्या पाइपचा नट सैल करून बघायचं. ज्या सिलिंडरचं डिझेल तोडल्यावर ठोका मऊ पडतो, संशय तिथे. इंजेक्टरचा ठोकाही असाच थांबतो, त्यामुळे एवढ्यावर निकाल द्यायचा नाही. आणि हीच करामत कॉमन रेलच्या बीएस-६ गाडीवर करणारे महाभाग आहेत! तिथे प्रेशर हजार बारच्याही वर जातं. ती धार कातडी फोडून आत शिरते, बोट तोडायची वेळ येते. अशा गाडीला स्कॅनर लावून सिलिंडर बंद करतात.

डॅशबोर्डावरच्या ऑइल प्रेशरच्या काट्यावर ज्यांची श्रद्धा आहे त्यांना नमस्कार. सेंडर काढून तिथे साधा गेज लावा, इंजिन पूर्ण तापवा, मग वाचा. आयडलवर मॅन्युअलातला किमान आकडाही टिकत नसेल तर उघडण्यावाचून गत्यंतर नाही. पण १४० नंबर ओतल्यावर हा आकडाही गोड होतो. गाडी विकायला काढणाऱ्यांना ते बरोबर ठाऊक असतं.

चेंबर उतरल्यावरही आंधळेपणा संपत नाही. मिस्त्री रॉडची खालची कॅप सोडतो, त्यातला बेअरिंगचा शेल बघतो, ‘चांगलाय’ म्हणतो आणि परत आवळतो. अरे बाबा, स्फोटाचा दणका रॉडमधून वरच्या शेलवर बसतो! झिजतो तो वरचा. करड्या थराखालून तांबूस पट्टा दिसायला लागला की समजायचं, वरचा थर संपला. तो शेल बघायला रॉड थोडा वर ढकलावा लागतो, एवढेच काय ते कष्ट.

परवा आलेल्या एका शेलच्या पाठीमागे सिगारेटच्या पाकिटातली चंदेरी पन्नी निघाली. बेअरिंग सैल होतं, म्हणून घट्ट केलं म्हणे. पन्नीच्या कडेनं तेल जळून काळं, टणक झालेलं. शेलची पाठ रॉडला टेकलीच नाही तर उष्णता जाणार कुठे? त्याच इंजिनातल्या दुसऱ्या रॉडची कॅप कानशीनं घासलेली. म्हणजे भोक अंडाकार, आणि रॉडही भंगारात.

मायक्रोमीटर मात्र कोणाकडे नाही. क्रँकच्या ७० मिलीमीटरच्या जर्नलला मोकळीक असते साधारण सात शतांश मिलीमीटर. नक्की आकडा मॅन्युअलात असतो. बोटानं चाचपून ‘चालतंय’ सांगणाऱ्याला ते सात शतांश कसे कळतात? जर्नल दोन दिशांनी मोजायचं, दोन्ही टोकांना मोजायचं. अंडाकार झालेल्या जर्नलवर एमरी मारली की ते चकचकीत अंडाकार होतं, बस्स. त्यावर नवा स्टँडर्ड शेल चढवणं म्हणजे पैसे देऊन तीच खडखड परत आणणं. ग्राइंड करून ०.२५ किंवा ०.५० मिलीमीटर अंडरसाइज शेल टाकणं, हा रस्ता. त्यातही आमच्याच धंद्यातले काही दिवटे कोपऱ्याची गोलाई खाऊन टाकतात आणि क्रँक नेमका तिथून चिरतो. ते बिल कोणी त्यांच्यावर फाडत नाही.

बेअरिंग का गेलं, हे तर कोणी विचारतच नाही. इंजेक्टर गळून डिझेल तेलात उतरत होतं? वेट लाइनरच्या ओ-रिंगमधून पाणी? ऑइल पंपाची जाळी तुंबली होती? की टॉप गिअरवर रडत रडत चढ ओढायची सवय? कारण तसंच ठेवून नवे शेल बसवायचे आणि कंपनीच्या नावानं बोंब मारायची.

यंदा माझ्याकडे येताना नुसता क्रँक आणू नका. सहाही सिलिंडरचे जुने शेल वरचा-खालचा नंबर टाकून, रॉड आपापल्या कॅपसकट, आणि बाटलीभर काढलेलं ऑइल घेऊन या. शेल आधीच भंगारवाल्याला घातले असतील तर क्रँक टेम्पोतून उतरवूच नका. मोजून देण्याचे मी पैसे घेत नाही.