माइक समोर आला की



17-18 जुलै 2021 च्या रात्री विक्रोळीच्या सूर्यनगरमध्ये दरड घरांवर आली. त्याच रात्री चेंबूरच्या भारतनगरातही घरे गाडली गेली. ऑगस्ट 2025 मध्ये विक्रोळीतच पार्कसाइटला दरड कोसळून दोन माणसे दगावली. अशा दुर्घटनेनंतर टीव्हीवर काय दिसते ते आपल्याला पाठ आहे: रडणारी बाई आणि तिच्या तोंडाशी धरलेला माइक. "आता तुम्हाला काय वाटतं?" डोंगरावरचे पाणी कुठून उतरते, संरक्षक भिंतीसाठी किती अर्ज केले, पावसाळ्याआधी नोटीस चिकटवून कोण निघून गेले, हे त्याच बाईला ठाऊक असते. ते मात्र तिला कोणी विचारत नाही. तिचे रडणे बातमी होते, तिची माहिती होत नाही.

मुंबई दूरदर्शन 1972 मध्ये सुरू झाले तेव्हा बातम्या नुसत्या वाचल्या जात. स्मिता पाटील, भक्ती बर्वे यांनीही त्या वाचल्या. बातम्या सरकारी होत्या, वस्त्या त्यात क्वचितच असत. त्या काळाचे गोडवे गायचे कारण नाही. 2007 पासून मराठीतही चोवीस तासांच्या वाहिन्या आल्या आणि निवेदक उलटतपासणी घेऊ लागले. मंत्र्याची घेतली तर हवीच आहे. पण 2020 मध्ये सुशांतसिंह राजपूतच्या मृत्यूनंतर काही वाहिन्यांनी रिया चक्रवर्तीला रोज दोषी ठरवले. अशा माध्यम-खटल्यांनी न्यायाच्या कामात अडथळा येतो, असे मुंबई उच्च न्यायालयाने जानेवारी 2021 मध्ये बजावले. तोवर ती महिनाभर भायखळ्याच्या तुरुंगात राहून आली होती. सीबीआयने प्रकरण बंद करण्याचा अहवाल दिला तो मार्च 2025 मध्ये. तिच्यापाशी निदान नामवंत वकील होते. कन्नमवार नगरातल्या बाईपाशी कोण आहे?

बलात्कार झालेल्या स्त्रीची ओळख उघड करणे गुन्हा आहे. ओळख पटेल असा कोणताही तपशील देऊ नये, असे सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये सांगितले. तरी चेहरा धूसर करून चाळीचा जिना आणि दारातली आई दाखवली की वस्तीला सगळे कळते.

मोर्चाला कॅमेरा यावा म्हणून फोन आपणच करतो. मग अटीही आपण घालाव्यात. बोलायचे की नाही हे ती बाई ठरवेल, आणि आधी वॉर्ड ऑफिसातल्या साहेबांना विचारा, मग तिला. वाहिनीला हे पटले नाही तर तिला परत जाऊ द्यावे. दरम्यान महिला मंडळांनी पावसाळ्याआधी कोणत्या घराला कुठे भेग आहे, कोणता अर्ज कोणत्या तारखेला दिला, याची यादी करून ठेवावी. माइक समोर आला की पहिल्यांदा ती वाचायची.