पहिली सागरसफर मुलांच्या मापाने

आमच्या रायपूरला समुद्र नाही. रेल्वेच्या वाटेने मुंबईचा समुद्र सुमारे अकराशे किलोमीटरांवर आणि विशाखापट्टणमचा पाचशेहून अधिक. तरीही चौबे कॉलोनीतील महाराष्ट्र मंडळात एखादा कार्यक्रम संपला आणि मंडळी दारात बोलत उभी राहिली, की अलीकडे सुटीच्या बेतांत जहाजाच्या सफरीचा विषय हमखास निघतो. लहान मुलांना नेता येईल का, त्यांना बोट लागेल का, खर्च किती, धोका किती, असे प्रश्न एकमेकांना विचारले जातात. इंदूर, बडोदे किंवा हैदराबाद येथे राहणाऱ्या आमच्या वाचकांनाही हेच प्रश्न पडत असतील, म्हणून या वेळी त्यांचा विचार करू.

गेल्या वर्षी हा बेत आमच्याही घरी निघाला. मुलगी सात वर्षांची, मुलगा साडेतीन वर्षांचा. दोघांनी आनंदाने घर डोक्यावर घेतले. सासूबाई मात्र काही बोलल्या नाहीत. रात्री जेवणे झाल्यावर त्या एवढेच म्हणाल्या, "तुम्ही दोघे खुशाल जा. मुले माझ्यापाशी राहतील."

सासूबाईंचे माहेर रेवसकडचे. त्यांचे थोरले काका 'रामदास' बोटीवर होते. १७ जुलै १९४७ रोजी, आषाढी अमावास्येच्या सकाळी, ही बोट मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघाली आणि भर पावसाळ्यातील वादळी समुद्रात काशाच्या खडकाजवळ बुडाली. सहाशेहून अधिक माणसे गेली. बोटीवर बिनतारी संदेशयंत्र नव्हते. मुंबईला बातमी कळली ती फार उशिराने. जे वाचले त्यांतील अनेकांना रेवसकडील कोळ्यांनी आपल्या होड्यांत ओढून घेतले. सासूबाईंचा जन्म त्यानंतरचा. पण त्या घरात अमावास्येचा तो दिवस कधीच सण म्हणून उजाडला नाही. अशा माणसाला "आता काळ बदलला आहे" असे म्हणून भागत नाही. काय बदलले आहे, ते दाखवावे लागते. ते शोधता शोधता आमचीच पुष्कळशी तयारी झाली.

प्रथम जहाजाविषयी. १९१२ साली 'टायटॅनिक' बुडाल्यानंतर समुद्रावरील जीवितसुरक्षेचा आंतरराष्ट्रीय करार १९१४ साली प्रथम झाला. सध्या १९७४ चा करार वेळोवेळीच्या सुधारणांसह चालतो. मोठी प्रवासी जहाजे या कराराच्या नियमांस धरून बांधलेली असतात. बिनतारी यंत्रणा, जीवरक्षक नौका आणि प्रत्येक प्रवाशासाठी जीवरक्षक जाकीट यांची तरतूद त्यात आहे. मुलांच्या आईबापांनी लक्षात ठेवावी अशी एक गोष्ट म्हणजे जाकिटांची मापे. पंधरा किलोंपेक्षा कमी वजनाच्या बालकाचे जाकीट निराळे, पंधरा ते त्रेचाळीस किलोंपर्यंतच्या मुलाचे निराळे आणि मोठ्यांचे निराळे. म्हणून तिकिटे काढण्यापूर्वी मुलांचे वजन करावे आणि त्या मापाची जाकिटे मिळतील ना, हे कंपनीस लेखी विचारावे. आमच्या मुलाचे वजन साडेतेरा किलो भरले. हा आकडा किती मोलाचा आहे, हे आम्हांस पुढे एका जलाशयावर कळले.

दुसरा बदल कवायतीचा. २०१२ साली इटलीच्या किनाऱ्यावर 'कोस्टा कॉन्कॉर्डिया' हे जहाज खडकावर आदळून ३२ जण मृत्युमुखी पडले. त्याच दिवशी चढलेल्या कित्येक प्रवाशांची संकटप्रसंगीची कवायत तोवर झालेलीच नव्हती. त्यानंतर नियम बदलला. २०१५ पासून ही कवायत जहाज सुटण्यापूर्वी अथवा सुटताक्षणी घ्यावी लागते. पुष्कळ प्रवासी तिचा कंटाळा करतात. मुले बरोबर असणाऱ्यांनी तसे मुळीच करू नये. आपले जमण्याचे ठिकाण कोणते, तेथे जाण्याचा जिना कोणता, हे मुलांना एकदा चालवून दाखवावे. आईबाप दोन ठिकाणी असताना भोंगा वाजला तर कोणते मूल कोणी घ्यायचे, हेही आधीच ठरवून ठेवावे.

सासूबाईंनी हे सारे ऐकून घेतले आणि एकच प्रश्न केला : "आणि पावसाळ्यात?"

प्रश्न अगदी योग्य होता. जहाज कितीही मोठे असले तरी पहिल्या सफरीसाठी पावसाळा टाळावा. जून ते सप्टेंबर अरबी समुद्र खवळलेला असतो. बंगालच्या उपसागरात ऑक्टोबर ते डिसेंबर हा चक्रीवादळांचा काळ असतो. मुंबई-गोव्याच्या सफरीस डिसेंबरअखेरपासून फेब्रुवारीपर्यंतचे दिवस बहुधा शांत. शाळेच्या सुटीशी हे नेमके जुळत नाही, हे खरे; पण नाताळच्या सुटीला दोन दिवसांची रजा जोडणे हे खवळलेल्या समुद्रात मुलांना नेण्यापेक्षा केव्हाही बरे.

आता मार्गाविषयी. मुंबईहून कोकणच्या बंदरांना लागत पणजीला जाणाऱ्या आगबोटी आपल्या वडीलधाऱ्यांपैकी अनेकांनी पाहिल्या असतील. पुढे ती वाहतूक बंद पडली. हल्लीची जहाजे वाहतुकीसाठी नसून पर्यटनासाठी आहेत. २०१८ साली 'आंग्रिया' या जहाजाने मुंबई-गोवा सफरी सुरू केल्या. सप्टेंबर २०२१ मध्ये 'कॉर्डेलिया' कंपनीचे 'एम्प्रेस' हे १९९० साली बांधलेले, दोनशे मीटरांहून लांब असे जहाज मुंबईहून गोवा व लक्षद्वीपकडे जाऊ लागले. २०२२ च्या उन्हाळ्यात ते विशाखापट्टणमहून चेन्नईलाही गेले होते. रायपूरकरांना ते बंदर जवळचे. परंतु तेथील फेऱ्या थोड्या आणि मोसमापुरत्या असल्याने आधी वेळापत्रक पाहावे आणि मगच रजा टाकावी.

पहिल्या वेळी दोन रात्रींहून मोठी सफर घेऊ नये, असे आमचे मत झाले आहे. पाच दिवसांच्या सफरीत दर दिवसाचा खर्च कमी दिसतो आणि मोह होतो. पण मूल समुद्रावर कसे राहते, हे आपणांस अजून ठाऊक नसते. दोन रात्रींत ते कळते आणि काही बिघडलेच तरी जमीन दूर नसते. शिवाय रायपूरकरांना मुंबईपर्यंत आगगाडीचे अठरा ते वीस तास असतात. तो प्रवास सफरीचाच भाग समजावा. जहाज सुटण्याच्या दिवशी मुंबईत पोहोचण्याचा बेत कधीही करू नये. गाडी चार तास उशिरा आली, तरी जहाज थांबत नाही. आदल्या दिवशी पोहोचून रात्री विसावा घ्यावा. हावडा-मुंबई मेल व गीतांजली या दोन्ही गाड्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला जातात आणि तेथून बॅलार्ड पियरचा भाग अगदी जवळ आहे.

बोट लागणे हा आईबापांचा सर्वांत मोठा धसका. डोळ्यांना खोली स्थिर दिसते, कानाच्या आतील तोल सांभाळणारे इंद्रिय मात्र हालचाल सांगते. या विसंवादातून मळमळ सुरू होते. दोन वर्षांखालील बालकांना हा त्रास सहसा होत नाही. तीन ते बारा या वयात तो अधिक होतो. म्हणून केबिन जहाजाच्या मध्यभागी व खालच्या मजल्यावर घ्यावी, कारण तेथे हेलकावे कमी जाणवतात. मुलाला बरे वाटेनासे झाले, की खोलीत निजवून न ठेवता मोकळ्या हवेत न्यावे आणि दूरच्या क्षितिजाकडे पाहण्यास सांगावे. पोट रिकामे ठेवू नये व तुडुंबही भरू नये. मऊ भात, कोरडी पोळी, आल्याचा तुकडा पुरे. गोळी द्यायचीच झाल्यास ती बालरोगतज्ज्ञांस घरीच विचारून ठेवावी, मोठ्यांची गोळी अर्धी करून मुलास देऊ नये. पुस्तके आणि मोबाइलचे खेळ मळमळ वाढवितात. त्यापेक्षा गाणी व गोष्टी बऱ्या.

सज्जा असलेली केबिन मोठी मोहक असते. पण चढण्याच्या वयाचे मूल असेल, तर आम्ही ती टाळण्याचा सल्ला देऊ. घेतलीच तर सज्जातील खुर्च्या कठड्यापासून दूर ठेवाव्यात आणि दाराची कडी सदैव लावावी. अनेक जहाजांवर लंगोटातील बालकांना पोहण्याच्या तलावात उतरू देत नाहीत, हेही मुलांस आधीच सांगून ठेवावे म्हणजे तेथे रडारड होत नाही. बहुतेक कंपन्या सहा महिन्यांहून लहान बालकांस घेत नाहीत आणि गर्भारपणाचे सहा महिने होत आल्यावर मातांनाही प्रवेश मिळत नाही. तेव्हा नियम आधी वाचावेत.

खर्चाविषयी थोडक्यात. जाहिरातीतील आकडा हा बहुधा एका माणसाचा आणि करांवाचूनचा असतो. त्यात बंदर शुल्क, वस्तू व सेवा कर, सेवकांची बक्षिसी आणि किनाऱ्यावरील फेरफटका मिळवून मगच बेरीज करावी. आगगाडीचे भाडे व मुंबईतील एक रात्र त्यात धरावी. मुलांची ओळखपत्रे आणि जन्मदाखल्याच्या प्रती एका पाकिटात ठेवाव्यात. मोठे सामान केबिनमध्ये उशिरा पोहोचते. म्हणून औषधे, कपड्यांचा एक जोड आणि खाऊ हातातील पिशवीत असावा.

हे सारे कागदावर उतरल्यावर आम्ही ठरविले, की समुद्रापूर्वी मुलांना एकदा लहान पाण्यावर न्यावे. जवळच्या एका जलाशयावर सासूबाईंसह सर्वजण गेलो. तिकिटे काढली, मुले होडीत चढली. नावाड्याने दिलेले जाकीट मोठ्या माणसाचे होते. मुलाला ते चढविले आणि खांद्याला धरून जरा वर उचलले, तोच जाकीट हातात आले आणि मूल खाली राहिले. लहान मापाचे एकही नव्हते. "दस मिनट का तो चक्कर है, बहनजी," नावाडी म्हणाला. मागे रांग लागली होती. लोक पाहत होते. तिकिटाचे पैसे परत मिळणार नव्हते. खरे सांगावयाचे, तर माझ्याही मनात आले, की दहा मिनिटांत काय होणार आहे?

सासूबाईंनी नातवाचा हात धरला आणि त्या होडीतून उतरल्या. त्यांच्यामागून आम्ही सारे उतरलो. मुलगा घरी येईपर्यंत रडत होता. वाटेत त्या म्हणाल्या, "अगं, त्या दिवशीही कुणीतरी म्हणालेच असेल, रेवस काय, इथे तर आहे."

त्यांचे हे वाक्य माझ्या मनातून गेलेले नाही. १८ डिसेंबर २०२४ रोजी गेटवेहून घारापुरीकडे निघालेल्या प्रवासी बोटीस नौदलाच्या वेगवान बोटीची धडक बसली आणि कित्येकांचे प्राण गेले. तोही जवळचाच, रोजचा प्रवास होता. मोठ्या जहाजावर नियम असतात, कवायत असते, माणसे नेमलेली असतात. खरी सावधगिरी हवी ती जहाज सोडून किनाऱ्यावरच्या लहान होडीत बसताना, आणि तेथे नियम आपल्यालाच पाळावा लागतो. मुलाच्या मापाचे जाकीट नसेल, तर उतरावे. पैसे गेले तरी उतरावे, मूल रडले तरी उतरावे, मागची रांग कुरकुरली तरी उतरावे. सहलीची बाकी सारी तयारी यानंतरची. पाण्याच्या काठावरून परत फिरण्याची ज्या कुटुंबाची तयारी आहे, त्याने खुशाल समुद्रावर जावे.

गंमत अशी, की आमच्या बेताला संमती मिळाली ती त्याच संध्याकाळी. समुद्रावर आपण मुलांसाठी काय करू, हे सासूबाईंनी आम्हांला दाखविले होते आणि आम्ही ऐकतो, हे त्यांनी पाहिले होते. जानेवारीतील दोन रात्रींची मुंबई-गोवा सफर ठरली आहे. तिकिटे पाच आहेत. जाकिटांविषयीचे कंपनीचे लेखी उत्तर सासूबाईंनी स्वतःच्या पाकिटात ठेवले आहे. परवा त्यांनी नातवाला पुन्हा वजनकाट्यावर उभे केले. तो चौदा किलो भरला. "अजून लहानच माप," असे म्हणून त्यांनी तो आकडा दिनदर्शिकेवर लिहून ठेवला.

वाचकहो, आपल्याही घरी असा बेत निघाला, तर आधी मुलांचे वजन करा, मग मोसम पाहा आणि पैशाचा हिशेब त्यानंतर मांडा. आणि घरातील वडीलधारे माणूस भीत असेल, तर ती भीती हसण्यावारी नेऊ नका. त्यांना काय ठाऊक आहे, ते जवळ बसून विचारा. शक्य झाल्यास त्यांनाही बरोबर न्या.